नफ्याच्या उंबरठ्यावरची करुणा

चेड-मेंग टॅन यांचे 'सर्च इनसाइड युवरसेल्फ' हे इंग्रजी पुस्तक २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. आमच्या हाती ते बऱ्याच उशिरा आले. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नव्या मुंबईतील एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. रात्रपाळी करून पहाटेच्या गाडीने वसईला परतणारा हा मुलगा एका रविवारी मिस्सानंतर आमच्या घरी आला आणि पुस्तक पुढे करीत म्हणाला, "अंकल, आमच्या ऑफिसात ह्याच्यावर वर्ग घेतात. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. बरं वाटतं. पण हे आपलं आहे का, आणि खरं आहे का, ते तुम्ही वाचून सांगा."

त्याचे दोन्ही प्रश्न साधे होते आणि दोन्ही महत्त्वाचे होते. आज आपल्या धर्मग्रामांतून असे एकही आळीचे नाव सांगता येणार नाही की जिथला एखादा मुलगा वा मुलगी संगणकाच्या पडद्यासमोर बसून चरितार्थ चालवीत नाही. त्यांच्या कचेऱ्यांत पगाराबरोबर आता मनःशांतीही वाटली जाऊ लागली असेल, तर ती कोणत्या वजनाने आणि कोणत्या मापाने वाटली जाते हे पाहणे आपले कर्तव्य आहे. म्हणून हे पुस्तक, त्यानंतर २०१६ साली आलेले याच लेखकाचे 'जॉय ऑन डिमांड' आणि त्यांची काही भाषणे यांचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत.

प्रथम लेखकाची ओळख. टॅन यांचा जन्म १९७० साली सिंगापुरात झाला. जग त्यांना 'मेंग' या सुटसुटीत नावानेच ओळखते, तेव्हा आपणही तेच नाव वापरू. तेथील नानयांग तंत्र विद्यापीठात आणि पुढे कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे संगणकशास्त्र शिकून ते २००० साली गूगल या कंपनीत अभियंता म्हणून दाखल झाले. कंपनीचे ते १०७ वे कर्मचारी. पुढे जगभर पसरलेली ती कंपनी तेव्हा लहान होती. भ्रमणध्वनीवर शोधसेवा आणण्याचे जे आरंभीचे काम झाले, त्यात त्यांचा वाटा होता. २००४ साली कंपनीचे भाग बाजारात आले आणि आरंभीच्या अनेक कर्मचाऱ्यांप्रमाणे मेंग तरुणपणीच श्रीमंत झाले. आपल्या पुस्तकांत ते एक गोष्ट मोकळेपणाने सांगतात: त्यांची बुद्धी लहानपणापासून तल्लख होती, पण मन मात्र उदास असे. विद्यार्थिदशेत ते बौद्ध ध्यानाकडे वळले आणि मन बदलता येते, त्याला वळण लावता येते, असा त्यांना अनुभव आला. २००७ साली त्यांनी गूगलच्याच कर्मचाऱ्यांसाठी भावनिक प्रगल्भतेचा एक अभ्यासक्रम सुरू केला. तो आखताना त्यांनी झेन आचार्य, मानसशास्त्रज्ञ आणि ध्यानाचे जाणकार अशा मंडळींना बरोबर घेतले. त्या अभ्यासक्रमाचे हे पुस्तकरूप. २०१५ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मेंग नोकरीतून निवृत्त झाले आणि पुढचे आयुष्य शांतता व करुणा यांच्या प्रसाराला व दानधर्माला वाहून घेण्याचा संकल्प त्यांनी सोडला.

पुस्तकाचे नाव म्हणजे एक कोटी आहे. जी कंपनी साऱ्या जगाचा शोध घेऊन देते, तिचा अभियंता सांगतो की आता स्वतःच्या आत शोधा. साऱ्या पुस्तकाचा सूर असाच आहे. दर दोनचार पानांनंतर एखादे व्यंगचित्र येते. लेखक स्वतःची थट्टा करतो. कंपनीतला त्यांचा अधिकृत हुद्दासुद्धा 'जॉली गुड फेलो' असा होता. साधनेवरच्या पुस्तकांत सहसा जो एक भारदस्त कंटाळा असतो, तो येथे नाही. हा गुण लहान नाही. आपल्याकडे प्रार्थनेवर लिहिताना लेखक प्रथम वाचकाला धाक दाखवितो आणि मग हात जोडायला सांगतो. मेंग वाचकाला खुर्ची देतात, हसवितात आणि नकळत दोन मिनिटे गप्प बसवितात. मात्र प्रत्येक कठीण वळणावर विनोद आणण्याची लेखकाला जी सवय आहे, तिचा एक तोटा होतो. दुःखाचा विषय निघाला की पुस्तक तेथे फार वेळ थांबत नाही. जेथे वाचकाने थोडे अस्वस्थ राहायला हवे होते, तेथे लगेच चित्र येते आणि आपण पुढच्या पानावर जातो.

विषयाची मांडणी अभियंत्याला शोभेल अशी आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल गोलमन यांनी सांगितलेली भावनिक प्रगल्भतेची पाच अंगे, म्हणजे स्वतःची जाण, स्वतःवर ताबा, प्रेरणा, सहानुभव आणि लोकांत वागण्याचे कौशल्य, ही एकेक करून घेतली आहेत आणि प्रत्येक अंगासाठी काही अभ्यास दिले आहेत. दोन मिनिटे श्वासाकडे लक्ष देणे, सर्वांगावरून सावकाश लक्ष फिरविणे, समोरच्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे, रागाने लिहिलेले पत्र पाठविण्यापूर्वी ते वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणणे. 'ही व्यक्तीही माझ्यासारखीच आहे' असा एक अभ्यास आहे: माझ्याप्रमाणेच हिलाही शरीर आहे, मन आहे, हिनेही दुःख सोसले आहे, हिलाही सुख हवे आहे, असे मनात घोळवून शेवटी तिचे कल्याण इच्छावयाचे. राग उफाळून आला असता करावयाच्या पाच पायऱ्या आहेत: थांबा, श्वास घ्या, काय होत आहे ते पाहा, ते कशामुळे होत आहे याचा विचार करा आणि मग उत्तर द्या. दुसऱ्या पुस्तकात तर लेखक आणखी खाली उतरतो आणि सांगतो की दिवसाकाठी एक श्वास लक्षपूर्वक घेतलात तरी आरंभ झाला.

आता त्या तरुणाचा पहिला प्रश्न: हे आपले आहे का?

याचे उत्तर देताना आम्हांला थोडी लाज वाटते. अंतर्मुख होण्याची ही रीत आपल्या परंपरेला परकी नाही. ती आपणच अडगळीत टाकली आहे. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांचे 'साधना' हे पुस्तक १९७८ साली निघाले. त्यात श्वासाकडे, शरीरातल्या संवेदनांकडे, भोवतालच्या आवाजांकडे लक्ष देण्याचे अभ्यास प्रार्थनेची तयारी म्हणून दिलेले आहेत. म्हणजे गूगलचा वर्ग सुरू होण्याच्या एकोणतीस वर्षे आधी हे आपल्याच प्रांतात सांगून झाले होते. फादर डिमेलो १९८७ साली वारले. त्यांच्या काही लिखाणाबद्दल रोमने १९९८ साली सावधगिरीची सूचना दिली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पौर्वात्य ध्यानपद्धतींविषयी रोमच्याच श्रद्धासिद्धान्त मंडळाने १९८९ साली एक पत्र काढले होते. त्या पत्राने या पद्धतींना सरसकट दार लावलेले नाही. त्यांतले उपयुक्त ते घेता येईल असे म्हटले आहे. मात्र एक इशारा दिला आहे, आणि आमच्या मते या साऱ्या विषयाची किल्ली तिथे आहे. शरीर सैल झाल्याने जो शांतपणा व ऊब वाटते, तिलाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, विशेषतः ज्याचे आचरण तिच्याशी जुळत नाही त्याने, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. बरे वाटणे ही एक गोष्ट झाली आणि बरे होणे ही दुसरी.

मेंग यांच्या पाच पायऱ्या वाचताना आम्हांला संत इग्नेशियस यांच्या पाच पायऱ्यांची आठवण झाली. इग्नेशियस यांची 'आध्यात्मिक साधना' १५४८ साली छापली गेली. तीत रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत: मिळालेल्या देणग्यांबद्दल परमेश्वराचे आभार मानणे, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून त्याची कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने हिशेब घेणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. थांबणे, पाहणे, कारण शोधणे हे दोन्हींत आहे. फरक एवढाच की मेंग यांच्या पायऱ्यांवर माणूस एकटा उभा आहे. तेथे आभार मानायला समोर कोणी नाही आणि क्षमा मागायलाही कोणी नाही. राग आला तर तो कसा आवरावा हे पुस्तक उत्तम सांगते. पण ज्याच्यावर आपण कालपर्यंत राग काढला, त्याचे काय देणे लागतो, हा प्रश्न त्या जिन्यावर कोठेच भेटत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाला आमचे उत्तर असे: साधन आपले आहे, ते खुशाल वापरावे, पण जिना अर्धाच बांधलेला आहे हे ध्यानात असू द्यावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: हे खरे आहे का?

लेखकाचा हेतू खरा आहे याबद्दल आम्हांला शंका नाही. जगात शांतता नांदावी आणि तीही आपल्या हयातीत, एवढी मोठी आकांक्षा मेंग हसत हसत बोलून दाखवितात. त्यांचा विचार असा: १९२७ साली हार्वर्ड विद्यापीठात थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा निघाली. शरीराच्या व्यायामाला तेव्हापासून शास्त्राचा आधार मिळत गेला, आणि आज व्यायाम चांगला हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. मनाच्या व्यायामाचेही तसेच व्हावे. मात्र त्यासाठी तो लोकांच्या रोजच्या स्वार्थाशी जोडला पाहिजे. ध्यानाने काम चांगले होते, बढती मिळते, कंपनीचा नफा वाढतो, असे दाखविता आले तर ध्यान आपोआप पसरेल, आणि शांतता त्याच्या मागोमाग येईल.

२०१० साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या न्यूयॉर्क येथील वास्तूत झालेल्या भाषणात त्यांनी हाच धागा करुणेपर्यंत नेला. फ्रेंच भिक्षू मात्यू रिकार यांचे उदाहरण त्यांनी घेतले. जीवशास्त्राचे संशोधन सोडून भिक्षू झालेल्या या गृहस्थांच्या मेंदूची तपासणी अमेरिकेत झाली आणि वृत्तपत्रांनी त्यांना जगातला सर्वांत सुखी माणूस ठरविले. तपासणीच्या वेळी ते करुणेचे ध्यान करीत होते. यावरून मेंग सांगतात की करुणा सुखाची असते. पुढे ते सांगतात की करुणा धंद्यालाही हिताची असते, कारण तिच्यातून महत्त्वाकांक्षा आणि नम्रता यांचा मेळ घालणारे नेते घडतात. करुणेची तीन अंगेही ते तिबेटी विद्वान थुप्तेन जिंपा यांच्या आधारे मांडतात: दुसऱ्याचे दुःख जाणवणे, ते समजणे, आणि त्याला मदत करावीशी वाटणे.

येथे आमचा लेखकाशी मतभेद आहे. त्यासाठी आपल्या भाषेतल्या शब्दांकडे थोडे पाहू. इंग्रजीतल्या त्या एका शब्दासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. 'करुणा' हा थोर शब्द, पण व्याख्यानात राहणारा. 'अनुकंपा' हा शब्द आता सरकारी कचेरीत गेला. बाप वारल्यावर मुलाला मिळणारी नोकरी एवढाच त्याचा अर्थ बहुतेकांना ठाऊक आहे. 'दया' वरून खाली येते. पण 'कळवळा' हा शब्द निराळा. तो ठरवून आणता येत नाही, तो येतो. संत लूक यांच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतात जे मूळ ग्रीक क्रियापद आहे, त्याचा संबंध पोटातल्या आतड्यांशी आहे. आपल्या आया 'आतडं तुटतं' म्हणतात ते अगदी तेच. आतडे तुटले म्हणजे सुख होत नाही, दुखते.

मेंग यांची तीन अंगे त्या दृष्टांताला लावून पाहावीत. शोमरोन्याला जखमी माणसाचे दुःख जाणवले, समजले, मदत करावीशी वाटली. पण दृष्टांत तेथे संपत नाही. तो जवळ गेला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवून आपण पायी चालला, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले आणि जास्त खर्च आला तर परत येताना तो देण्याची हमी घेतली. करुणेचे हे चौथे अंग पुस्तकाच्या व्याख्येत नाही. त्या साऱ्या प्रसंगात कोणाचा नफा झालाच असेल तर तो उतारशाळेच्या मालकाचा. शोमरोन्याचा दिवस गेला, पैसा गेला आणि वाटेतल्या लुटारूंचा धोका त्याने पत्करला, तो वेगळाच. या माणसाला त्याच्या मेंदूत काय सुख झाले, हे विचारण्याचे शुभवर्तमानकाराला सुचले नाही.

करुणेने सुख मिळत नाही, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्यांनी आजाऱ्यांच्या उशाशी आयुष्य काढले अशा धर्मभगिनींच्या चेहऱ्यावरचे समाधान आपण पाहिलेले आहे. आमची हरकत क्रमाला आहे. जे फळ म्हणून येते, ते आमिष म्हणून पुढे केले की झाडाची जात बदलते. करुणा फायद्याची आहे म्हणून करा असे एकदा सांगितले की जेथे ती तोट्याची ठरेल तेथे काय करायचे, याचे उत्तर त्या युक्तिवादापाशी राहत नाही. आणि करुणेची खरी परीक्षा नेमकी तेथेच असते.

ही नुसती तर्कटाची गोष्ट नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ध्यान आणि तंत्रज्ञान या विषयावर एक मोठी परिषद भरली होती. गूगलचे प्रतिनिधी आपल्या कंपनीत सजगता कशी रुजविली हे सांगण्यासाठी व्यासपीठावर होते. तेव्हा त्या शहरात घरभाडी भडकली होती, संगणक कंपन्यांच्या पगारदारांसाठी जुन्या भाडेकरूंना घराबाहेर काढले जात होते आणि त्यावरून लोक चिडलेले होते. काही कार्यकर्ते व्यासपीठावर चढले आणि घरे रिकामी करविणे थांबवा अशा अर्थाचा फलक त्यांनी उलगडला. व्यवस्थापकांनी तो ओढून घेण्याचा प्रयत्न केला, थोडी ओढाताण झाली आणि त्यांना खाली उतरविण्यात आले. त्यानंतर व्यासपीठावरून सभागृहाला सांगण्यात आले की आता क्षणभर आपापल्या शरीराकडे लक्ष द्या, संघर्षाच्या सान्निध्यात आपल्याला काय जाणवते ते पाहा. सभागृह शांत झाले. बाहेर काढलेल्यांना मात्र कोणी विचारले नाही की तुमचे घर कोठे होते.

या प्रसंगाचा दोष आम्ही मेंग यांच्या माथी मारत नाही. त्या दिवशी सभागृहात बसलेले लोक दुष्ट होते असेही आम्ही म्हणणार नाही. पण शांत होण्याची विद्या पूर्ण अवगत असूनही समोरच्याचे दुःख ऐकू येऊ नये, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पुढे जानेवारी २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीने सुमारे १२,००० लोकांची कपात जाहीर केली. अनेकांना ती बातमी संगणकावरच्या पत्राने कळली. मेंग तेव्हा कंपनीत नव्हते. त्यांना जाऊन आठ वर्षे होत आली होती. तरीही वाचकाला प्रश्न पडतोच. करुणेने नफा होतो हे जेथे शिकविले गेले, तेथे नफा आणि करुणा यांची वाट वेगळी झाली तेव्हा कोणाला निरोप मिळाला? अमेरिकी प्राध्यापक रोनाल्ड पर्सर यांनी २०१९ साली लिहिलेल्या 'मॅकमाइंडफुलनेस' या पुस्तकात हीच टीका अधिक कडक शब्दांत केली आहे: कामाच्या ठिकाणचा ताण ज्या व्यवस्थेतून येतो तिला हात न लावता, तो सोसण्याची जबाबदारी ज्याच्या त्याच्या श्वासावर टाकली जाते. रात्रपाळीच्या आमच्या तरुणाने या वाक्यावर विचार करावा. त्याला झोप कमी मिळते याचे कारण श्वासात नाही, पाळीच्या वेळापत्रकात आहे.

मेंग यांचे सार्वजनिक कार्य एका मोहिमेशी जोडलेले आहे. पीसजॅम या संस्थेने नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकऱ्यांना बरोबर घेऊन शांततेच्या शंभर कोटी कृती घडवून आणण्याचा संकल्प सोडला; मेंग तिचे एक सहअध्यक्ष होते. या मोहिमेमुळे त्यांच्या नावामागे नोबेलसाठी नामनिर्देश झाल्याचा उल्लेख सर्वत्र येतो. वाचकांनी एवढे जाणून असावे की नोबेल समिती नामनिर्देशांची यादी पन्नास वर्षे गुप्त ठेवते आणि नाव सुचविण्याचा अधिकार जगभरातल्या हजारो व्यक्तींना असतो. सुचविले जाणे हा समितीने केलेला गौरव नव्हे. पण आम्हांला अधिक रस आहे तो आकड्यात. शंभर कोटी हा अभियंत्याचा आकडा आहे. मोठे ध्येय मोजता आले पाहिजे, ही त्याच्या पेशाची शिस्त. त्या शिस्तीने गावोगावची मुले कामाला लागली असतील तर त्यांचे स्वागतच आहे. फक्त मंदिराच्या दानपेटीपाशी बसून प्रभू येशूने जी मोजणी केली, तिची रीत वेगळी होती हे विसरू नये. तेथे विधवेची दोन नाणी सर्वांत जास्त भरली, कारण किती टाकले याबरोबर किती उरले हेही मोजले गेले.

एवढी टीका केल्यावर, हे अभ्यास आम्ही स्वतः करून पाहिले की नाही, असे कोणी विचारील. केले. आणि त्याची हकिगत सांगितल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही.

आमच्या वाडीच्या टोकाला एक बावखल आहे. त्याचे पाणी आमच्या आणि चुलतभावाच्या अशा दोन्ही घरांचे. बारा वर्षांपूर्वी एका क्षुल्लक कारणावरून वाद झाला आणि आम्ही आमच्या हद्दीत कुंपण घालून त्याची पाण्याची नळी बंद केली. कायदा आमच्या बाजूने होता. तेव्हापासून मिस्साला एकाच रांगेत बसूनही बोलणे नाही. पुस्तक वाचल्यावर 'हाही माझ्यासारखाच' हा अभ्यास आम्ही त्याच्यावर केला. रोज रात्री, रोजरीनंतर, दहा मिनिटे. पहिल्या आठवड्यात चीड आली. तिसऱ्या आठवड्यात त्याचे पिकलेले केस दिसू लागले. महिन्याभरात त्याचे नाव निघाल्यावर छातीत जे भरून येई ते थांबले, झोप शांत लागू लागली, आणि आपण त्याला क्षमा केली असे आम्हांला मनापासून वाटू लागले. पुस्तकाने जे कबूल केले होते ते अक्षरशः दिले.

एके दिवशी दुपारी त्याची सून डोक्यावर हंडा घेऊन लांबच्या वाटेने चाललेली दिसली, आणि लख्खकन ध्यानात आले की या साऱ्या महिन्यात कुंपण जागच्या जागी आहे. क्षमा आम्ही केली होती, आणि तहान त्याच्या घराला होती. इतकेच नव्हे, तर आता राग उरला नसल्यामुळे कुंपण काढण्याची निकडही उरली नव्हती. पूर्वी निदान टोचत तरी होते. १९८९ च्या पत्रातला इशारा आम्हांला त्या दुपारी समजला. क्षमा करणारे आम्ही कोण? क्षमा मागायची आमच्याकडे होती. संत इग्नेशियस यांची चौथी पायरी तीच.

कुंपणाचे खांब आम्ही त्याच आठवड्यात काढले. त्याच्या ओटीवर जाऊन जे बोलायचे ते बोललो. तो फारसे काही म्हणाला नाही. आजही संबंध पूर्वीसारखे नाहीत. आमच्या वाडीतली पाण्याची पाळी आता अर्धी झाली आहे आणि मे महिन्यात केळीला पाणी कमी पडते. पण नळी चालू आहे. न्यायाने हेही लिहिले पाहिजे की त्या महिन्याच्या अभ्यासावाचून त्याची सून आम्हांला दिसलीच नसती. बारा वर्षे ती त्याच वाटेने जात होती.

म्हणून या पुस्तकावरचा आमचा निकाल दुहेरी आहे. मनाला वळण लावण्याची जी साधी, रोजची, कोणालाही जमणारी रीत मेंग यांनी सांगितली, ती मोलाची आहे. तिच्यासाठी सिंगापूरच्या या अभियंत्याचे ऋण मानावे. दोन मिनिटे शांत बसणे ज्या घरात जमत नाही, त्या घरातली रोजरीही घाईतच उरकते, हे आपण सर्व जाणतो. पण नफ्याचा जो युक्तिवाद त्याने या रीतीला जोडला, तो उंबरठ्यापर्यंत नेतो आणि तेथेच सोडतो. खुद्द लेखकाचे आयुष्य त्याच्या युक्तिवादापेक्षा मोठे आहे असे आम्हांला वाटते. ऐन उमेदीत, बढतीची वाट मोकळी असताना, त्यांनी ती कंपनी सोडली. आर्थिक चणचण नव्हती हे खरे. पण तशी चणचण नसणारे बहुतेक जण सोडीत नाहीत. त्यांच्या पुस्तकातल्या कोणत्याही कोष्टकाने हा निर्णय फायद्याचा ठरत नाही. तो का घेतला, हे त्यांनी एखाद्या प्रकरणात विनोद न करता लिहिले असते, तर ते या पुस्तकाचे सर्वांत खरे प्रकरण झाले असते.

त्या तरुणाला पुस्तक परत करताना आम्ही एवढेच सांगितले की वर्गाला अवश्य जा, डोळे मीट, श्वासाकडे लक्ष दे. मात्र डोळे उघडल्यावर पहिल्यांदा कोण दिसते ते पाहा, आणि त्याचे आपल्याकडे काही देणे निघते का ते स्वतःला विचार. तो हसला. जाता जाता म्हणाला, "अंकल, शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा गेल्या महिन्यात काढला. त्याला अजून फोन केला नाही मी."

त्याला पहाटेची गाडी पकडून आल्याने झोप आली होती. पण फाटकाबाहेर पडताना त्याने खिशातून फोन काढलेला आम्ही पाहिला.